विमानक्षेत्रात जायचंय? कॉलेजच्या आधी एक प्रश्न विचारा

नाशिकजवळ ओझरच्या दहाव्या मैलावर एसटीची वाट बघताना डोक्यावरून सुखोई लढाऊ विमान गेलं की बोलणं थांबायचं. आवाज विरेपर्यंत सगळे गप्प. ओझरच्या पंचक्रोशीत वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, कारखाना १९६४ साली मिग-२१ लढाऊ विमानं बांधण्यासाठी इथे आला. आमची जुनी माणसं त्या भागाला अजूनही नुसतं ‘मिग’ म्हणतात. १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए इथून उडालं, आणि तेव्हापासून मला गावाकडून फोन वाढलेत: “ताई, पोरीला एव्हिएशनला घालायचंय. कोणतं कॉलेज चांगलं?”

मी त्यांना उलट विचारते, विमानाचं नेमकं कोणतं काम करायचंय? आणि त्या कामाचा अधिकार कोण देतं?

हे मला बारावीत कुणी विचारलं नाही. शहरातल्या एका संस्थेच्या माहितीपत्रकावर कॉकपिटचा मोठा फोटो होता, आत ‘डिप्लोमा इन एव्हिएशन’ लिहिलेलं होतं. वडिलांनी त्या वर्षीच्या द्राक्षांचे पैसे भरले. वर्षभर तिकीट बुकिंग, अनाउन्समेंट, टापटीप राहणं आणि मुलाखतीची तयारी शिकवली. ग्राउंड स्टाफ व्हायचं असेल त्याला यातलं बरंच उपयोगी पडतं. मला इंजिन उघडायचं होतं. शेवटच्या महिन्यात शेजारचे काका, जे हवाई दलाच्या ओझरच्या बेस रिपेअर डेपोतून निवृत्त झाले होते, त्यांनी सहज विचारलं, “लायसन कोणतं मिळणार मग?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी वडिलांसमोर जेवायला बसू शकले नाही.

म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ होतो तिथपासून सांगते. एरोनॉटिकल इंजिनिअरिंग आणि एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग, म्हणजे एएमई, या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली पदवी आहे: जेईई किंवा सीईटी द्यायची, चार वर्षं शिकायचं, पुढे डिझाइन, उत्पादन, संशोधन. ती विद्यापीठ देतं. एएमईचं लायसन डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं, आणि दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे अशी सही फक्त लायसनवालाच करू शकतो. एरोनॉटिकलची बी.टेक. पदवी कितीही चांगली असली तरी तिच्या जोरावर ही सही करता येत नाही. एचएएलमधलं लढाऊ विमानांचं काम लष्करी आहे, त्याला डीजीसीएचं लायसन लागत नाही. तिथे जायचं असेल तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवीही चालते, आणि माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक मुलांसाठी तीच जास्त सुरक्षित, कारण विमानक्षेत्रात जागा निघाली नाही तर बाहेरचे दरवाजे उघडे राहतात.

एएमईसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. संस्था ‘सीएआर-१४७’ या डीजीसीएच्या नियमाखाली मंजूर हवी. मंजूर संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, तिथे नाव स्वतः शोधा, काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. मंजुरी कोणत्या शाखेची आहे तेही पाहा. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं इंजिन आणि ढाचा, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मूळ अभ्यासक्रम २,४०० तासांचा आहे आणि त्यात जवळपास निम्मा भाग हाताने करायचा. प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे विषयाची, वेगळी परीक्षा, पास व्हायला ७५ टक्के. त्या डिप्लोमानंतर मी हीच वाट धरली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, पहिल्या मॉड्यूलला तर इंग्रजी प्रश्न दोनदा वाचावा लागायचा. उपाय एकच सापडला: विमानाच्या मॅन्युअलचं रोज एक पान मोठ्याने वाचायचं. त्या इंग्रजीत अलंकार नसतात, तीच वाक्यं परत परत येतात. सहा महिन्यांत भीती गेली.

कोर्स संपला की लगेच लायसन मिळत नाही. चालू विमानांवर दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि नंतर एखाद्या ठरावीक विमानावर, समजा एअरबस ए३२०वर, सही करायची तर त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची वेगळी पात्रता. म्हणून प्रवेश घेताना विचारा की प्रॅक्टिकल कुठल्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, होतं. उत्तर लेखी मागा. गेल्या दोन बॅचच्या मुलांना भेटून त्यांची किती मॉड्यूल पास झाली तेही विचारा.

कामाचं खरं रूपही सांगायला हवं. देशांतर्गत विमानं दिवसभर उडतात, त्यामुळे आमचं बरंचसं काम रात्री. एकदा पहाटे दोनला पॅनल बंद करून टूल मोजले, तर एक छोटं सॉकेट कमी. आम्ही चौघांनी पॅनल पुन्हा उघडलं आणि टॉर्च धरून दीड तास शोधलं. ते ट्रॉलीच्या चाकाखाली सापडलं. तोपर्यंत विमान सोडायचं नाही, यावर कुणी एक शब्द बोललं नाही. सीनिअरने शेवटी पुन्हा सगळं मोजून मगच सही केली. मला हे काम मनापासून आवडतं ते अशा रात्रींमुळे. मुलींच्या आईवडिलांना सांगते, रात्रपाळी आहेच, ती टाळून या कामात राहता येत नाही. घरी बसून नीट बोला आणि मग ठरवा.

पायलटबद्दल थोडक्यात. कमर्शिअल लायसनसाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च ५० लाखांच्या आसपास किंवा पुढेही जातो. राज्यात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे उड्डाण शिकवतात. कुठेही पैसे भरण्याआधी क्लास-२ मेडिकल करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो शेतजमीन गहाण टाकण्याआधी कळलेला बरा.

ज्याची फारशी चर्चाच होत नाही ती वाट म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, विमानांना जमिनीवरून सूचना देण्याचं काम. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह भरतीला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन केलेली बी.एस्सी. चालते, वयोमर्यादा सर्वसाधारणपणे २७. म्हणजे नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजमध्ये साध्या फीवर पदवी करा आणि शेवटच्या वर्षापासून परीक्षेची तयारी करा. नंतरचं प्रशिक्षण प्राधिकरणच देतं. आवाजाची चाचणी असते, तेव्हा स्पष्ट इंग्रजी बोलायचा सराव आत्तापासून करा. घरात पैसा नसेल आणि गणित पक्कं असेल तर मी आधी हेच सुचवते. आणि पदवीपर्यंत थांबणंच शक्य नसेल तर सातपूरच्या आयटीआयमधून फिटर, मशिनिस्ट किंवा इलेक्ट्रिशियन करून एचएएलच्या अप्रेंटिसशिपच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. ती कायम नोकरीची हमी नाही, पण तिथे शिकलेलं मोजमाप कुठल्याही कारखान्यात कामाला येतं.

वाट कोणतीही धरा, सुट्टीत एक काम उरकून टाका. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि आधार यांवरचं नाव अक्षरान् अक्षर जुळतंय का ते पाहा. माझ्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मधे होतं आणि आधारवर नव्हतंच, ते सरळ करण्यात दोन महिने गेले. पायलटच्या परीक्षेला बसायला डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, लागतो आणि त्यासाठी गुणपत्रिका बोर्डाकडून पडताळून घ्याव्या लागतात. आपल्याला बरं, विभागीय मंडळाचं कार्यालय नाशिकमध्येच आहे.