समुद्रात पवनचक्क्या रोवण्याआधी काय तपासावं

मी आधी त्या भागातल्या समुद्री प्राण्यांच्या जुन्या नोंदी गोळा करते आणि प्रत्येकीपुढे वर्ष, ऋतू, खोली लिहिते. रिकामे रकाने लगेच डोळ्यांत भरतात. बहुतेकदा हिवाळा आणि रात्र. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘प्राणी नाही’ असं कधीही धरू नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच एका गोष्टीचा.

मग तळाचा गाळ उचला आणि चाळून त्यातले जीव वेगळे करा: ०.१ चौरस मीटरचा नमुना, १ मिलिमीटरची चाळणी. पक्ष्यांची पाहणी सलग २ वर्षं तरी हवीच. पाण्याखालचा आवाजही आत्ताच मोजा. जर्मनीत खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर १६० डेसिबलची मर्यादा आहे. पण आधीची शांतताच मोजलेली नसेल, तर डॉल्फिनचं काय हरवलं ते कळणार कसं? बांधकामापासून दूरचा, तशाच तळाचा एक पट्टा तुलनेसाठी राखा. मासे कुठे अंडी घालतात, ते मच्छीमारांना विचारा, नकाशा घेऊन.