पायथनमध्ये मेलचा मराठी विषय नीट वाचता आला, त्याची गोष्ट
सोसायटीच्या तक्रारींचे मेल पायथनने वाचून एक्सेलमध्ये टाकत होतो. विषयात ‘पाणी आलं नाही’ऐवजी ‘=?यूटीएफ-8?बी?’ने सुरू होणारी अगम्य माळ यायची. दोन संध्याकाळी एन्कोडिंगलाच (अक्षरं साठवायच्या पद्धतीला) शिव्या घातल्या. खरी गोम वेगळीच. मेल उलगडणाऱ्या ‘मेसेज फ्रॉम बाइट्स’ या फंक्शनला पॉलिसी (मेल कसा वाचायचा याचे नियम) दिली नाही, तर ते ‘कॉम्पॅट32’ धरतं, म्हणजे पायथन 3.2 च्या काळातलं वागणं, आणि हेडर (विषय, पाठवणारा वगैरे ओळी) उलगडतच नाही. पॉलिसी म्हणून ‘ईमेल.पॉलिसी.डिफॉल्ट’ दिली, मराठी लख्ख! (डिफॉल्ट नावाची पॉलिसीच डिफॉल्ट नाही, हे कोणाला सुचलं देव जाणे.) शिवाय मल्टिपार्ट (अनेक भागांच्या) मेलवर ‘गेट पेलोड’ मजकुराऐवजी भागांची यादीच हातात ठेवायचं. आता ‘गेट बॉडी’ला आधी प्लेन (साधा मजकूर), मग एचटीएमएल असा क्रम सांगतो आणि ‘गेट कंटेंट’ने मजकूर घेतो.