पेस्ट कंट्रोलचा धंदा: भांडवल कुठे लागतं आणि कुठे अडकतं

पेस्ट कंट्रोल कमी भांडवलात सुरू होतं असं सांगतात. पंप, औषधं आणि मास्क एवढीच यादी केली तर ते पटतंही. मात्र या यादीत परवाना मिळेपर्यंतचे बिनकमाईचे महिने येत नाहीत, गाडीच्या फेऱ्या येत नाहीत आणि तक्रार आल्यावर फुकट करून द्यायची दुसरी भेटही येत नाही. धंद्याची दमछाक होते ती याच तीन ठिकाणी, म्हणून खर्चाचा अंदाज मांडताना सुरुवात तिथूनच करावी.

आधी कोणती कामं घ्यायची ते ठरवा

खरेदीची यादी कीटकांवर अवलंबून असते. झुरळं, मुंग्या आणि उंदीर यांच्यापासून सुरुवात केली तर सामान सगळ्यात कमी लागतं: ५ लिटरचा हातपंप, झुरळांचं आमिष-जेल लावायची जेल गन, भुकटी फुंकायचा रबरी फुगा, चांगली टॉर्च, चिकट पॅड, सापळे आणि कुलूपबंद आमिषपेट्या. हीच कामं सगळ्यात जास्त येतात आणि वर्षभर येत राहतात.

ढेकणांच्या कामाला सामान थोडं लागतं, वेळ मात्र खूप जातो. पलंग खोलायचा, गादीची शिवण बोटाने उलटून पाहायची, स्क्रूची भोकं आणि फळ्यांचे सांधे तपासायचे. बहुतेक औषधांचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानाला अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. त्यामुळे १० ते १४ दिवसांनी दुसरी भेट द्यावीच लागते. ती दरात आधीच धरलेली नसेल तर तोटा नक्की. उष्णतेने ढेकूण मारण्याची यंत्रणा सुरुवातीला घेऊच नका. हीटर, पंखे, जनरेटर, खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यातही ५० अंश सेल्सिअस गाठलं का ते दाखवणारे सेन्सर, एवढं सगळं लागतं आणि कामं मोजकीच असतील तर ते पडून राहतं.

वाळवीच्या कामासाठी ड्रिल, पॉवर पंप, टाकी आणि लांब होज घ्यावे लागतात. धान्याच्या गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडने धुरी देण्याचं काम मात्र पहिल्या वर्षी नको. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू प्राणघातक आहे. त्यासाठी सहसा वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी लागते, शिवाय वायू मोजायचं यंत्र हवंच.

परवाना आणि विमा

बऱ्याच ठिकाणी औषध मारणाऱ्या माणसाचा परवाना वेगळा आणि संस्थेचा वेगळा असतो. प्रशिक्षण, परीक्षा, काही ठिकाणी परवानाधारकाच्या हाताखालचा अनुभव, आणि औषधं ठेवण्याच्या जागेची तपासणी. शुल्क फारसं नसतं. खर्च वाढतो तो क्रम चुकल्यामुळे. तपासणीसाठी जागा दाखवावी लागते म्हणून लोक पहिल्याच दिवशी गोदाम भाड्याने घेतात, आणि परीक्षेची तारीख मिळेपर्यंत रिकाम्या जागेचं भाडं भरत बसतात. आधी प्रशिक्षण आणि परीक्षा उरका. अर्जात पत्ता लिहायची वेळ आली की मगच भाडेकरार करा, आणि करार करण्यापूर्वी त्या जागेत कीटकनाशकं ठेवायला परवानगी मिळते का हे लेखी विचारून घ्या.

विम्याच्या बाबतीत एक फट अनेकांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या साध्या पॉलिसीत प्रदूषणामुळे झालेलं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. तुमच्या हातून द्रावण सांडून कुणाच्या विहिरीत गेलं, किंवा फवाऱ्याचा अंश मत्स्यटाकीत जाऊन मासे मेले, तर कंपनी त्याला प्रदूषण म्हणू शकते. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, तेव्हा ही शक्यता दूरची नाही. कीटकनाशक वापरताना झालेलं नुकसान भरून मिळेल, असं कलम पॉलिसीत स्पष्ट शब्दांत असलं पाहिजे. गाडीचा आणि कामगारांच्या दुखापतीचा विमा वेगळा. मोठी कार्यालयं, हॉटेलं आणि रुग्णालयं काम देण्याआधी पॉलिसीची प्रत मागतात, म्हणजे हा खर्च काम मिळवूनही देतो.

सामान: कुठे पैसे घालावेत, कुठे नाही

हातपंप चांगलाच घ्या. स्वस्त प्लॅस्टिकच्या पंपाचे वॉशर आणि ओ-रिंग औषधातल्या सॉल्व्हंटने फुगतात, मग दाब टिकत नाही आणि लान्सच्या, म्हणजे फवारायच्या नळीच्या, मुठीतून औषध हातावर गळतं. स्टीलची टाकी, सुटे भाग मिळणारा पंप आणि पंखा, शंकू व बारीक धार अशा तीन प्रकारच्या फवाऱ्याची नोझल, एवढं पाहा. पंपाबरोबरच वॉशरचे दोन संच आणि दोन जादा नोझल घ्या. भर कामात नोझल चोंदलं आणि पर्याय नसला तर ती भेट वाया जाते. नोझल तोंडाने फुंकायचं नाही, तारेने टोकरायचंही नाही. मऊ ब्रशने साफ करायचं. पाण्यात मिसळायच्या भुकटीने ते जास्त चोंदतं, म्हणून द्रावण गाळूनच टाकीत ओता.

संरक्षणाच्या सामानात काटकसर नको. नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा झगा, रबरी बूट. कातडी किंवा सुती मोजे औषध शोषून घेतात आणि ते तासन् तास त्वचेला लागून राहतं. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज आणि त्यावर धूलिकणांचा फिल्टर हवा. कार्ट्रिज उघड्यावर ठेवलं तर त्यातला कोळसा हवेतल्या वाफा शोषून वापराविनाच संपतो. काम झालं की ते हवाबंद पिशवीत ठेवायचं. म्हणून मास्क हा एकदाचा खर्च मानू नका, कार्ट्रिजची रक्कम दरमहा बाजूला काढा. दाढी असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हा मास्क घट्ट बसत नाही, हे माणूस नेमतानाच सांगावं.

फॉगिंग मशीन पाहून गिऱ्हाईक खूश होतं म्हणून ते आधी घेतलं जातं. डास आणि माश्यांसाठी ते ठीक आहे, पण फटीत दडलेल्या झुरळांपर्यंत धुकं नीट पोचत नाही. गरज पडेल तेव्हा भाड्याने आणा.

औषधांचा हिशेब कसा करायचा

घराच्या क्षेत्रफळावरून औषध मोजणं ही सुरुवातीची नेहमीची चूक. समजा लेबलवर १०० चौरस मीटरला ५ लिटर द्रावण असं लिहिलं आहे. आपण सगळ्या जमिनीवर फवारत नाही, भिंतीच्या कडेने पट्टा मारतो. भिंतींची एकूण लांबी ६० मीटर आणि पट्टा ३० सेंटिमीटरचा धरला तर क्षेत्र १८ चौरस मीटर होतं, आणि द्रावण लागतं ०.९ लिटर. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवून चालत नाही, कारण बरीच औषधं पाण्यात, विशेषतः अल्कधर्मी पाण्यात, हळूहळू निकामी होतात. लागेल तेवढंच बनवा.

जेलचा हिशेब आणखी सोपा. ३० ग्रॅमची नळी, एक ठिपका ०.२ ग्रॅमचा, म्हणजे १५० ठिपके. स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरं मिळून २५ ते ३० ठिपके लागले तर एका नळीत पाच-सहा घरं होतात. ठिपका वाटाण्याएवढा मारला की हाच खर्च तिप्पट होतो आणि परिणाम वाढत नाही. झुरळांना एका जागी मोठा गोळा ठेवण्यापेक्षा बिजागऱ्यांजवळ, कपाटाच्या सांध्यात, फ्रिजच्या मोटरपाशी अनेक छोटे ठिपके ठेवलेले चांगले. जेल लावलेल्या जागी पायरेथ्रॉइड फवारू नका. त्यामुळे झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि सगळी नळी फुकट जाते.

जेल दोन वेगवेगळ्या गटांची ठेवा, उदाहरणार्थ एक फिप्रोनिलची आणि एक इंडोक्साकार्बची. एकच औषध सतत वापरलं तर झुरळांत प्रतिकारशक्ती येते. बारीक जर्मन झुरळांच्या काही वसाहतींत तर ग्लुकोजच नाकारण्याची सवय आढळली आहे, आणि अशा ठिकाणी गोड आमिष कितीही ताजं असलं तरी शिवलं जात नाही.

मोठ्या कॅनचा लिटरमागे दर कमी पडतो, तरी पहिल्या सहा महिन्यांत लहान बाटल्याच घ्या. मुदत संपलेलं औषध वापरता येत नाही, आणि त्याची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावायला वेगळे पैसे पडतात.

वाळवीचं काम मात्र पूर्ण हिशेब करूनच घ्यावं. इमारतीच्या आतून भिंत आणि फरशीच्या सांध्याला १२ मिलिमीटरची छिद्रं दर ३० सेंटिमीटरवर पाडायची आहेत, असं धरा. ४० मीटर लांबीला सुमारे १३५ छिद्रं होतात. प्रत्येकात १ लिटर म्हणजे १३५ लिटर द्रावण. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल आणि लेबलवर लिटरला २.१ मिलिलिटर असं प्रमाण असेल, तर मूळ औषध जेमतेम २८५ मिलिलिटर लागतं. आता वेळ बघा. एका छिद्राला दोन मिनिटं धरली तरी नुसतं ड्रिलिंग साडेचार तासांचं, आणि ५ लिटरचा हातपंप वापरला तर तो २७ वेळा भरावा लागेल. पॉवर पंप इथे चैनीची वस्तू राहत नाही.

फरशी आधी टाइलच्या बिटने, ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवून कापायची. पहिल्याच दणक्याला हॅमर चालवला तर टाइल तडकते आणि ती बदलून देणं औषधाच्या बाटलीपेक्षा महाग पडतं. बिट मातीपर्यंत पोचलं नाही तर द्रावण वर उलटून येतं, म्हणून लांब बिट घ्या. पाण्याचा पाइप आणि विजेची वायर कुठून गेली आहे हे नकाशावर किंवा शोधक यंत्राने पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. शेवटी फरशीच्या रंगाचं सिमेंट भरायचं. त्याचा वेळही मजुरीत धरा.

मजुरी, फेऱ्या आणि फुकटची भेट

माणसाला पगार आठ तासांचा द्यायचा असतो. प्रवास, द्रावण बनवणं, सामान धुणं आणि नोंदी वगळल्या तर प्रत्यक्ष काम पाच तासांच्या आसपास होतं. म्हणजे कामाचा एक तास पगाराच्या १.६ पट महाग पडतो. दर काढताना हाच आकडा घ्या. एका दिवसाची कामं एकाच भागात लावली तर हा आकडा खाली येतो, आणि ते करायला एक पैसाही लागत नाही.

तक्रारीच्या भेटी मोजत राहा. १०० कामांत १५ भेटी फुकट कराव्या लागल्या तर मजुरी आणि इंधन ११५ भेटींचं लागलं. यातल्या बऱ्याच टाळता येतात. ओटा आणि कपाटं आधी रिकामी करा, जेल पुसू नका, बाजारातला स्प्रे मारू नका, उंदीर पहिले काही दिवस नव्या वस्तूला बिचकतात म्हणून सापळे हलवू नका: असा एक कागद काम ठरतानाच द्या आणि त्यावर सही घ्या. उंदराच्या कामात भोकं बुजवण्याचे पैसे वेगळे लावा. साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत शिरतो. फट तशीच ठेवून दिलेली हमी तुमच्याच अंगावर येते.

गाडी आणि गोदाम

गाडी जुनी चालेल, पण चालकाची जागा आणि औषधांचा कप्पा वेगळा हवा, कप्प्याला कुलूप हवं. सांडलेलं शोषायला वाळू किंवा भुसा, फावडं, अग्निशामक आणि डोळे १५ मिनिटं धुता येतील एवढं स्वच्छ पाणी गाडीत ठेवा. गोदाम छोटं असू द्या. हवा खेळती, फरशी न शोषणारी, भुकट्या वरच्या फळीवर आणि द्रव खाली. रिकामी बाटली तीनदा खळबळायची, ते पाणी त्याच कामाच्या द्रावणात ओतायचं, आणि बाटलीला भोक पाडूनच टाकायची.

दर आणि राखीव पैसा

महिन्याचा स्थिर खर्च म्हणजे भाडं, विमा, पगार, हप्ते, फोन, परवान्याचं नूतनीकरण. त्याला एका कामात हाती उरणाऱ्या रकमेने भागलं की किती कामं करावी लागतील ते कळतं. एका कामाचा दर १०० आणि थेट खर्च ४० असेल तर हाती ६० उरतात. स्थिर खर्च ३,००० असेल तर ५० कामं. आता गिऱ्हाइकाने घासाघीस केली म्हणून १० टक्के सूट दिली तर हाती ५० उरतात आणि कामं ६० लागतात. दहा टक्के सूट देण्यासाठी वीस टक्के जास्त राबायचं, म्हणून दर पाडून गिऱ्हाईक ओढू नये. सूट द्यायचीच तर वार्षिक करारावर द्या.

सामानाची खरेदी झाल्यावर तीन ते सहा महिन्यांचा स्थिर खर्च हातात उरला पाहिजे. घरगुती गिऱ्हाईक काम होताच पैसे देतं, पण संस्था आणि कंपन्या ३० ते ६० दिवस लावतात. वार्षिक कराराची आगाऊ रक्कम मात्र कमाई समजून खर्च करू नका, कारण त्या भेटी अजून द्यायच्या आहेत. करार चार भेटींचा असेल तर रकमेचे चार भाग करा, तीन वेगळ्या खात्यात ठेवा, आणि भेट पूर्ण होऊन गिऱ्हाइकाची सही मिळाली की एकेक उचला.