बिल्ड निवडायचा कसा: आधी स्वतःचा हात बघा, टियर लिस्ट नंतर

नवीन अ‍ॅक्शन आरपीजी (मारामारी करत स्वतःचं पात्र वाढवत न्यायचा गेम) आला की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "सगळ्यात भारी बिल्ड कुठला?" बिल्ड म्हणजे पात्राचं हत्यार, स्किल आणि आकडे यांची जुळणी. आणि त्याच्या खाली लगेच कोणीतरी टियर लिस्ट चिकटवतं, म्हणजे एस (सगळ्यात भारी) पासून खाली सी वगैरे अशी बिल्डची प्रतवारी. लिस्टा खोट्या असतात असं नाही, पण बनवणारा माणूस दिवसभर तेच खेळतो, आणि त्याचं सगळं मोजमाप म्हणजे शेवटचा कंटेंट किती सेकंदात साफ होतो हे. तुम्ही संध्याकाळची विरार फास्ट पकडून, जेवून, घरचे झोपल्यावर हेडफोन लावून तासभर बसणार, तेही अर्धं डोकं ऑफिसात ठेवून. त्याचा एस टियर तुमच्या हातात आला की सी टियर होतो, मग दोन दिवसांनी तुम्हीच म्हणता गेम फालतू आहे.

तर कामाचं सांगतो. गेम इन्स्टॉल करणं, सेटिंग, कंट्रोलर वगैरे तुमचं तुम्ही बघा.

पायरी १: रिस्पेक (टाकलेले पॉइंट परत घेऊन बदलायची सोय) आहे का ते बघा

दोन मिनिटांचं काम. ब्लॅक मिथ वुकाँगमध्ये देवळापाशी बसलं की पॉइंट फुकट परत मिळतात, डायब्लो ४ मध्ये सोनं जातं, एल्डन रिंगमध्ये राया लुकारियाच्या रेनालाला हरवलं की ती स्टॅट (ताकद, लाइफ वगैरेचे आकडे) बदलून देते पण प्रत्येक वेळी लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू लागते आणि ते मोजकेच असतात. पहिल्या डार्क सोल्समध्ये तर सोयच नाही. डायब्लो २ आला २००० मध्ये आणि रिस्पेक आलं २०१० च्या १.१३ पॅचमध्ये, तोवर चुकीचा पॉइंट टाकला की नवीन कॅरेक्टर, संपला विषय. जिथे रिस्पेक स्वस्त आहे तिथे आधी आठवडाभर डोकं खपवत बसू नका, सरळ सुरू करा.

पायरी २: घाबरल्यावर तुमचा हात काय करतो ते शोधा

खरी अडचण इथे आहे. मीही इथेच बरेच दिवस अडकलो होतो, कारण सगळे सांगतात "तुमच्या प्लेस्टाइलप्रमाणे निवडा" आणि प्लेस्टाइल ओळखायची कशी हे कोणीच सांगत नाही. लोकांना वाटतं प्लेस्टाइल म्हणजे आपल्याला काय आवडतं. मला जादू आवडते, मला निंजा आवडतो. ती आवड झाली, तिचा मान आहेच, पण बॉसने (वाट अडवणाऱ्या दांडग्या शत्रूने) हात उचलल्यावर तुमची बोटं आवड विचारायला थांबत नाहीत. दादरला दार उघडल्यावर लोंढा आत आला की कोणी उलटं पुढे रेटतं, कोणी मागे सरतं, कोणी दांडा धरून थिजतं, आणि तेव्हा कोणी विचार करून ठरवत नाही. गेममध्ये पण तसंच. शांत असताना सगळेच हुशार खेळतात. पंधरा टक्के एचपी (लाइफ) उरल्यावर जे होतं ती तुमची प्लेस्टाइल.

म्हणून काय करायचं, तर कुठलाही साधा क्लास, म्हणजे सुरुवातीचं तयार पात्र, घ्यायचा (एल्डन रिंग असेल तर व्हॅगाबाँड, डोकं न लावता), पहिल्या अवघड बॉसपर्यंत जायचं आणि मरायचं. जिंकायचा हट्ट नको. प्रत्येक वेळी मरण्याआधीचे शेवटचे पाच सेकंद लक्षात ठेवायचे, जमलं तर रेकॉर्ड करून बघायचे, कारण आठवणीवर भरवसा ठेवलात की तुम्ही स्वतःला वाचवणार, "लॅग होता रे" वगैरे. आणि ही टेस्ट रविवारी दुपारी झोप काढून करू नका. ज्या वेळी तुम्ही नेहमी खेळता त्याच वेळी करा, थकलेले असताना. दहाबारा मरणं बघितली की एकच गोष्ट परत परत दिसायला लागते.

काही जण मागे पळतात. हल्ला आला की मागे रोल (कोलांटी), परत मागे रोल. एल्डन रिंगमधला मार्गिट हा बॉस अशांना बरोबर खातो, कारण तो काठी वर धरून थांबतो, तुमचा रोल संपतो आणि मग मारतो, आणि लांब गेलात तर उजेडाचे खंजीर फेकतो. अशा हाताला अंतर लागतं हे खरं. पण इथे लोक लगेच "मग तू मेज (जादूगार) घे, सोपा असतो" सांगतात, ते अर्धवट आहे. बरीचशी जादू टाकताना तुम्ही जागेवर उभे असता, आणि बॉस दोन उड्यांत अंगावर. मागे पळणाऱ्याने मेज घ्यावा, पण मंत्र निवडताना डॅमेजचा आकडा न बघता तो किती पटकन सुटतो ते बघावं. मोठे, हात वर करून तीन सेकंद उभं ठेवणारे मंत्र क्लिपमध्ये भारी दिसतात, एवढंच. भाला पण चालतो, त्याचा विचार कोणी करत नाही.

दुसरी जमात अजून एक फटका वाली. बॉसला चिमूटभर लाइफ उरलेलं दिसतं आणि बोट थांबत नाही. अशांना सगळे सल्ला देतात की तुला मारायला आवडतं ना, मोठी तलवार घे. हा मला माहीत असलेला सगळ्यात वाईट सल्ला आहे. मोठी तलवार शांत माणसाचं हत्यार आहे. ती उचलायलाच वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही बटण अजून दोनदा दाबलेलं असतं, गेम ते दाबणं लक्षात ठेवतो आणि एक फटका संपला की नको असलेला दुसरा आपोआप सुरू, रोल मारायची वेळ कधीच गेलेली. ज्याचं बोट थांबत नाही त्याने हलकं, पटापट चालणारं घ्यावं, एल्डन रिंगमध्ये उचिगाताना (जपानी तलवार) किंवा दोन हातात दोन तलवारी. उचिगातानाला ब्लीड (रक्तस्राव) आहे, फटके साठत गेले की बॉसच्या एकूण एचपीचा एक हिस्सा एकदम उडतो, म्हणजे तुमच्या हावरेपणाचाच फायदा होतो. समुराई क्लास घेतला की ती पहिल्या मिनिटापासून हातात असते. आणि ग्लास कॅनन बिल्ड (मार जबरदस्त, लाइफ नावाला) अशांनी अजिबात घ्यायचा नाही, कोणी कितीही व्हिडिओ पाठवू दे.

तिसरे थिजतात. काही सुचत नाही, ढालीचं बटण दाबून बसतात. यांना सगळे हसतात, ढाल म्हणजे नवशिक्यांची वगैरे. भंकस आहे ती. व्हॅगाबाँडची हीटर शील्ड साध्या शारीरिक हल्ल्याचं शंभर टक्के डॅमेज अडवते, फक्त स्टॅमिना (दम) जातो. फटका ढालीवर घ्या, लगेच जोरदार हल्ल्याचं बटण दाबा, गार्ड काउंटर (ढालीनंतरचा उलटा फटका) बसतो, आणि तो चांगला बसतो. तुमचा हात जर आपणहून ढालीकडे जातोय तर त्याला तिथून ओढून रोल शिकवण्यात महिना घालवायची काय गरज आहे? स्टॅमिना वाढवा, जड ढाल घ्या, ढालीआडून भाला टोचा. जादूचा नाहीतर आगीचा मार ढालीतून थोडा झिरपतो, तेवढं लक्षात ठेवा.

चौथे म्हणजे ज्यांची बोटं एकमेकांत अडकतात. बटणं आठवत नाहीत, चुकीचा स्किल जातो. बहुतेक हे थकलेले लोक असतात, आणि त्यात लाज कसली. डायब्लो ४ मध्ये सहा स्किलच्या जागा आहेत, त्या सहाही सतत दाबाव्या लागतील असा बिल्ड घेऊ नका. नेक्रोमॅन्सर घ्या, सांगाडे लढतात, तुम्ही फक्त कुठे उभं राहायचं ते बघा. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये रायटियस फायर आहे, अंगाभोवती आग लावून नुसतं चालत राहायचं, मात्र ती आग तुम्हालाही जाळते, त्यामुळे लाइफ रीजन (लाइफ आपोआप भरणं) आणि फायर रेझिस्टन्स (आगीपासून बचाव) नसेल तर शत्रूची गरजच नाही.

आता आवड आणि हात यांचं जमत नसेल तर? माझं मत पक्कं आहे, हात जिंकतो. पण आवड फेकून द्यायची नाही, ती हातावर बसवायची. जादू आवडते पण बोटं सारखी अंगावर धावतात, तर लांबून गोळे फेकणारा मेज होऊ नका, कॅरियन स्लायसर घ्या, तो जवळून तलवारीसारखा चालणारा मंत्र आहे आणि पटकन सुटतो. आत्याचा मुलगा डोंबिवलीहून फोन करून रडायचा, "दादा, मेज जमतच नाही रे," त्याला हेच दिलं. नंतर त्याचा फोन आला तो पुढच्या बॉसबद्दल.

अजून एक, इंटरनेट. डायब्लो ४ आणि पाथ ऑफ एक्झाइल ऑनलाइनच चालतात. पावसाळ्यात बिल्डिंगची केबल गेली आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल तर अचूक वेळेवर टिकलेला कुठलाही बिल्ड झोपतो. तिथे जाड कातडीचा नाहीतर मिनियनवाला (सांगाड्यांसारखे साथीदार लढवणारा) बिल्डच कामाचा. एल्डन रिंग ऑफलाइन चालतो, त्यात हा वांदा नाही.

पायरी ३: आकडे

एक हत्यार, एक मुख्य स्टॅट, आणि लाइफ. एवढंच. सुरुवातीला चार स्टॅटमध्ये थोडं थोडं वाटणारा माणूस सगळ्यात सारखाच कमजोर राहतो. एल्डन रिंगमध्ये व्हिगर (लाइफ वाढवणारा स्टॅट) ४० ला १४५० एचपी मिळतं, ६० ला १९००, आणि पुढे ९९ पर्यंत नेलं तरी २१००, म्हणजे ३९ लेव्हल खर्चून २००. तेव्हा ६० ला थांबा, पण ४० च्या खाली राहून "डॅमेज कमी पडतोय" म्हणू नका. अंगावरच्या सामानाचं वजन मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत, नाहीतर रोल लोळण होतो. हत्यार दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, त्यामुळे ५४ टाकून ८१ चं काम होतं. पाथ ऑफ एक्झाइल असेल तर आग, थंडी, वीज तिन्ही रेझिस्टन्स ७५ टक्क्यांवर, आणि पाचव्या व दहाव्या अ‍ॅक्टनंतर (कथेच्या टप्प्यानंतर) प्रत्येकी ३० कापले जातात हे धरूनच.

पायरी ४: महागडी वस्तू काढून टाका आणि परत बघा

गाइडमधल्या बिल्डमधून सगळ्यात दुर्मिळ वस्तू मनातल्या मनात काढा. उरलेलं चालतं का? एल्डन रिंगमधल्या रिव्हर्स ऑफ ब्लड या कटानाचे (जपानी तलवारीचे) व्हिडिओ बघून लोक लिमग्रेव्हमध्येच (पहिल्याच भागात) तिला लागणारा आर्केन स्टॅट वाढवत बसतात, आणि ती मिळते माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्समध्ये, अर्ध्याहून जास्त गेम झाल्यावर. तोवर काय हातांनी मारणार? पाथ ऑफ एक्झाइलमध्ये मेजब्लडचा पट्टा धरून लिहिलेला बिल्ड तर बंदच करा. गाइडमध्ये सुरुवातीच्या लेव्हलसाठी वेगळा भाग नसेल तर तो गाइड तुमच्यासाठी लिहिलेलाच नाही.

पायरी ५: चालवून बघा, पण एका वेळी एकच बदल

बॉस अडला की लोक थेट रेनालाकडे स्टॅट बदलायला पळतात. थांबा. आधी हत्यार किती अपग्रेड केलंय ते बघा, साधं हत्यार +२५ पर्यंत जातं, सोम्बर दगडाने अपग्रेड होणारं खास हत्यार +१० पर्यंत, आणि सुरुवातीला पाच लेव्हल वाढवण्यापेक्षा दोन अपग्रेड जास्त कामाला येतात. मग चिलखत, मग तावीज, मग स्टॅट. सगळं एकदम बदललंत तर कशामुळे सुधारलं ते कळणारच नाही.

पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) बिल्ड नर्फ, म्हणजे कमजोर, झाला तर होऊ दे. हाताला बसलेला असेल तर थोडा डॅमेज कमी झाल्याने काही अडत नाही.

आणि वेडेपणा करायचा असेल, कपडे काढून नुसती काठी घेऊन वगैरे, तर एल्डन रिंग दहा कॅरेक्टरच्या जागा देतो, त्यातली एक त्यासाठी ठेवा. मुख्य कॅरेक्टरचे लार्व्हल टिअर त्यावर उडवू नका.