पक्ष्यांची नोंद अशी करा, की ती संशोधनाच्या कामी येईल

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2023 चा राष्ट्रीय अहवाल 942 जातींचा आढावा घेतो. त्याचा पाया आहे 30,000 हून जास्त पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या कोट्यवधी नोंदी. हे निरीक्षक म्हणजे शिक्षक, बँकेत काम करणारे, विद्यार्थी, निवृत्त मंडळी. ज्या जातींचा दीर्घकाळाचा कल काढता आला, त्यांतल्या सुमारे 60 टक्के जाती कमी झाल्या आहेत. मात्र असा कल जेमतेम तीनशे-साडेतीनशे जातींचाच काढता आला. बाकीच्यांसाठी पुरेशा नोंदीच हाती नव्हत्या. ही उणीव तुम्ही-आम्ही भरून काढू शकतो, आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

आधी हिशेब समजून घ्या

संशोधक एकूण किती पक्षी दिसले याची नुसती बेरीज करत नाहीत, कारण निरीक्षक दरवर्षी वाढत चालले आहेत. जास्त डोळे असले की जास्त पक्षी दिसणारच. म्हणून ते प्रमाण पाहतात. एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची नोंद म्हणजे एक यादी. समजा एखाद्या भागातून पूर्वी 100 याद्या आल्या आणि त्यांतल्या 40 याद्यांत नीलपंख हा पक्षी होता. आता तेवढ्याच याद्यांत तो 20 वेळाच येत असेल, तर तो दुर्मीळ होत चालला असे म्हणता येते.

यासाठी एक अट असते. यादी ‘पूर्ण’ हवी, म्हणजे तुम्ही ओळखू शकलात तो प्रत्येक पक्षी तिच्यात हवा. कावळा, साळुंकी, पारवासुद्धा. यादी पूर्ण असेल तरच ‘नीलपंख नाही’ याला अर्थ येतो. फक्त ‘आज स्वर्गीय नर्तक दिसला’ एवढेच लिहिले, तर त्या दिवशी तिथे बुलबुल होता की नव्हता हे कोणालाच कळत नाही. या लेखातले एकच सूत्र पाळणार असाल, तर हे पाळा.

तयारी

अशा याद्या भरण्यासाठी ईबर्ड हे ॲप आहे, आणि ते मोफत आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने 2002 मध्ये ही यंत्रणा सुरू केली. खाते उघडा आणि सेटिंगमध्ये जाऊन पक्ष्यांची नावे मराठीत घ्या. तुमच्या भागाची पक्षीसूची घरीच डाउनलोड करून ठेवली, की रेंज नसलेल्या रानातही नोंद करता येते. 8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी सोसायटीच्या आवारातली यादी डोळ्यांनी आणि कानांनी होते.

जागा ठरवा

भिगवणला किंवा ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणारे पुष्कळ आहेत, आणि त्या नोंदीही हव्यातच. पण माझे आग्रहाचे सांगणे असे, की घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा धरा: ओढ्याकाठचे उंबर, गावाबाहेरचा माळ, शाळेचे मैदान. माळ जवळ असेल तर तोच निवडा. गवताळ आणि मोकळ्या रानातल्या पक्ष्यांची घट अहवालात ठळकपणे दिसते, आणि आपल्याकडे तर माळाला ‘पडीक’ म्हणून कोणी त्याच्याकडे बघतही नाही. चंडोल, खाटीक, नीलपंख या पक्ष्यांचे काय चालले आहे, हे सोलापूर-सासवडच्या माळावर वर्षभर जाणारा माणूसच सांगू शकेल.

पंधरवड्यातून एकदा, जमल्यास दर आठवड्याला, त्याच जागी जा. पहाटेची वेळ चांगली. पण तुम्हाला संध्याकाळच जमत असेल तर संध्याकाळी जा. वेळ यादीत नोंदलेली असते आणि ती हिशेबात धरता येते.

नोंद करताना

जागेवर पोहोचलात की यादी सुरू करा. ॲप घड्याळ चालू करते आणि चाललेले अंतर जीपीएसवर मोजते. किमान 15 मिनिटे द्या. एका जागी उभे राहिलात तर ‘स्थिर’, चालत असाल तर ‘प्रवास’ हा प्रकार निवडा. लांबलचक फेरीची एकच यादी करू नका. तळे संपून जंगल लागले की पहिली यादी बंद करून दुसरी सुरू करा, म्हणजे कोणता पक्षी कोणत्या अधिवासात होता ते नीट राहील. गाडीतून जाताना सहज दिसलेला मोर ‘प्रासंगिक’ नोंदीत टाका.

प्रत्येक जातीसमोर आकडा लिहा. नेमका आकडा जमत नसेल तर अंदाज द्या. संध्याकाळी रातथाऱ्याकडे निघालेला पोपटांचा थवा डोक्यावरून जातो, तेव्हा एकेक मोजत बसू नका. दहा पोपटांनी आकाशाचा केवढा तुकडा व्यापला ते पाहा आणि असे किती तुकडे गेले ते मोजा. असा 120 चा अंदाज ‘खूप होते’ यापेक्षा कितीतरी मोलाचा. तीच टिटवी ओरडत तीनदा फिरून आली, तर ती एकच धरा.

ओळख पटेल तेवढीच लिहा. पांढरा बगळा दिसला की घाईने नाव देऊ नका, आधी चोच आणि पाय बघा. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी, जणू पिवळे मोजे घातलेत. तो चिखलात उभा असला तर बोटे दिसत नाहीत, उडेपर्यंत थांबावे लागते. गायबगळ्याची चोच आखूड आणि पिवळी असते, मानही तोकडी दिसते, आणि विणीच्या काळात डोके-मान-पाठीवर केशरी झाक चढते. एवढे बघूनही खात्री नसेल तर ‘बगळा, जात अनिश्चित’ असा पर्याय ॲपमध्ये असतो. वटवट्यांच्या, म्हणजे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत तो वरचेवर वापरावा लागतो. तो वापरल्याने यादी अपूर्ण ठरत नाही. तुम्ही ओळखलेले सगळे लिहिले, एवढेच ‘पूर्ण’मध्ये अपेक्षित आहे.

आवाज ऐकून नाव सुचवणारे मर्लिन ॲप शिकण्यासाठी फार चांगले आहे, पण त्याचा शब्द अंतिम मानू नका. आपले कोतवाल पक्षी नकला करण्यात तरबेज असतात. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढतो आणि ॲप शिक्रा दाखवते. सूचना आली की मान वर करून शोधा. दिसला किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटली, तरच लिहा.

चौघे मिळून गेलात तर चार वेगळ्या याद्या भरू नका. एकाने भरावी आणि ॲपमधून बाकीच्यांना वाटावी, म्हणजे तेच पक्षी चारदा मोजले जात नाहीत.

शेवटी ॲप विचारते, ओळखलेले सगळे पक्षी नोंदलेत का? प्रामाणिकपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणा. अनपेक्षित पक्षी नोंदला असेल तर तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा ईमेल येऊ शकतो. त्यात राग मानण्यासारखे काही नाही. फोटो, आवाज किंवा चार ओळींचे वर्णन पाठवावे. आकड्यांवर विश्वास ठेवता येतो तो याच छाननीमुळे.

पक्ष्याला त्रास देऊन मिळालेली नोंद नको. घरट्याजवळ जाऊ नये, फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, घुबडाच्या ढोलीचा पत्ता ग्रुपवर टाकू नये. काही संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण ईबर्ड स्वतःच झाकून ठेवते, पण व्हॉट्सॲपवर तुम्हीच आवर घालायला हवा.

साधे पक्षी का मोजायचे?

कारण सर्वत्र दिसणारा पक्षीच नजरेआड नाहीसा होतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेवमध्ये गिधाडे मोजली होती. तेव्हा गिधाड हा गावोगाव दिसणारा पक्षी होता. 1990 च्या दशकात त्यांनी तिथेच पुन्हा मोजणी केली आणि मोठी घसरण लक्षात आली. जुना आकडा हाताशी नसता तर तुलना कशाशी करणार? पुढे 2004 मध्ये गुरांना दिले जाणारे आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले आणि 2006 मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी जवळजवळ सगळी गेली होती.

चिमणीचे उदाहरण उलट दिशेचे. चिमण्या संपल्या असे आपण सर्रास म्हणतो. 2020 च्या राष्ट्रीय अहवालात देशभरात त्यांची संख्या साधारण स्थिर दिसली, घट प्रामुख्याने मुंबईसारख्या महानगरांत आढळली. हे कळले, ते कोणीतरी ‘चिमणी 6’ असे लिहीत राहिले म्हणूनच.

सुरुवात कधी करावी

फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरपरिसरातल्या पक्ष्यांची गणना होते, आणि 5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. सोबत मिळावी म्हणून हे मुहूर्त बरे. नाहीतर उद्या सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेलात तरी चालेल.

आणखी एक काम घरात बसून करता येते. दीर्घकाळाच्या तुलनेसाठी संशोधकांना 2000 पूर्वीच्या नोंदी लागतात, आणि त्याच सर्वांत तोकड्या आहेत. तुमच्याकडे, वडिलांकडे किंवा एखाद्या जुन्या सरांकडे पक्ष्यांच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख, ठिकाण आणि पक्ष्यांची नावे एवढे वाचता आले, तरी ती यादी ईबर्डच्या संकेतस्थळावर मूळ तारखेने भरता येते. वेळ किंवा आकडे नसतील तर ते रिकामे सोडा, अंदाजाने भरू नका. आकड्याच्या जागी फुली टाकली, की ‘होता’ एवढी नोंद होते.