जुन्या गाडीचा एसी गार करत नाही? लगेच गॅस भरू नका

एसी गार करत नाही म्हटलं की बरेच गॅरेजवाले गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर) लावायच्या आधीच सांगतात, गॅस संपलाय, भरून देतो. अहो, गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? सिस्टीम बंद असते, जुन्या गाडीत वर्षानुवर्षं होजमधून थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर लीक आहे आणि ते न शोधता भरलं तर पैसे हवेत गेले.

आधी घरी बघा. बॉनेट उघडून गाडी चालू ठेवा, कोणालातरी आतून एसी लावायला सांगा, कॉम्प्रेसरच्या (बेल्टवर चालणारा, गॅस दाबणारा पंप) पुलीजवळ टक् असा आवाज येऊन पुढची प्लेट फिरली पाहिजे (हात लांब ठेवा, बेल्ट फिरत असतो). नाही फिरली तर फ्यूज आणि रिले (कॉम्प्रेसरला करंट देणारा स्विच) तपासा. गॅस कमी असला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो, काहीजण तो स्विच शॉर्ट करून चालवतात, ते अजिबात करू नका, गॅसबरोबर फिरणारं ऑइल पोचत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो, मग खर्च विचारू नका.

हायवेवर गार आणि सिग्नलला गरम असेल तर आधी कंडेन्सरचा (पुढची, गॅस थंड करणारी जाळी) फॅन बघा, किंवा ती जाळी मातीने भरलीये. साध्या पाइपने हळू धुवा, जेट मारला की फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर, असला तर, कारण खूप जुन्या गाड्यांत तो नसतोच. आणि केबलवाल्या हीटरचा कॉक (गरम पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) नीट बंद होत नसेल तर गार हवेत गरम मिसळत राहते, हे कोणी बघतच नाही.

आता लीक. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं, त्यामुळे पाइपच्या जोडावर धूळ चिकटलेला काळा तेलकट डाग दिसला की समजा तिथेच. गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन, ओ-रिंग (जोडातलं रबरी सील), कंडेन्सरचा खालचा कोपरा, कॉम्प्रेसरचं सील, सगळीकडे साबणाचा फेस लावा. बाहेर काही सापडलं नाही तरच डॅशबोर्ड उघडून कूलिंग कॉइल (आतली हवा गार करणारी जाळी) काढू द्या, आणि त्याआधी नायट्रोजनचं प्रेशर लावून चेक करायला सांगा.

पाइप स्वतः सोडू नका, गॅस डोळ्यात किंवा हातावर उडाला की बर्फासारखा भाजतो.

सिस्टीम उघडली की ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवीनच, त्यात कंजूषी नको. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, गेजचा काटा हलला तर लीक बाकी आहे. गॅस वजनावर भरायचा, बॉनेटच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, जास्त भरला की गार व्हायच्या ऐवजी उलटंच होतं. नव्वदच्या दशकातल्या गाडीत मूळ आर-१२ हा जुना गॅस असू शकतो, तो आता मिळत नाही, त्याच्या जागी आलेला आर-१३४ए टाकायचा तर जुनं ऑइल काढून ऑइल, ओ-रिंग, ड्रायर सगळं बदलावं लागतं, नुसता वरून भरून चालत नाही. स्वस्तातला एलपीजीसारखा गॅस कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, केबिनमध्ये लीक झाला तर पेट घेतो.

बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या, पुढच्या वर्षी कूलिंग कमी झालंच तर आतला गॅस काढून वजन करायला लावा, किती गेला ते लगेच कळेल.