बुडापेस्टमध्ये हॉस्टेलवर जमलेल्या मित्रांबरोबर भटकंती कशी करावी

पाठीवर एक सॅक घेऊन एकटे निघालेल्या प्रवाशाला बुडापेस्टमध्ये सोबत मिळवण्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. बरीच हॉस्टेले पेस्टच्या बाजूला, विशेषतः सातव्या प्रभागात म्हणजे एर्झेबेटव्हारोशमध्ये, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तेथील सामायिक स्वयंपाकघरात किंवा सकाळच्या ऐच्छिक बक्षिसीवर चालणाऱ्या पदभ्रमण सहलीत चार देशांतील माणसे सहज एकत्र येतात. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. कालच ओळख झालेल्या माणसांबरोबर पैसे, वेळ आणि आवडीनिवडी यांचा मेळ कसा घालायचा, याचा विचार कोणी आधी केलेला नसतो. माझ्या मते अशा गटाने संपूर्ण मुक्कामाचा आराखडा कधीच बांधू नये. रोज रात्री फक्त दुसऱ्या दिवसाची एखादी गोष्ट एकत्र ठरवावी आणि उरलेला दिवस प्रत्येकाला मोकळा ठेवावा.

हे शहर अशा पद्धतीला अनुकूल आहे. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन शहरे १८७३ मध्ये एक झाली. मध्ये डॅन्यूब नदी असल्यामुळे शहराचे दोन स्वभाव आजही वेगळे जाणवतात. बुडाच्या बाजूला टेकड्या, किल्ला आणि चढण आहे, तर पेस्टच्या बाजूला सपाट रस्ते, कॅफे आणि गर्दी आहे. चालण्याची हौस असलेल्यांनी सकाळी १८४९ मधील सेचेनी साखळी पुलावरून किल्ल्याकडे जावे, उशिरा उठणाऱ्यांनी पेस्टमध्येच रेंगाळावे आणि सर्वांनी संध्याकाळी एका ठिकाणी भेटावे. अशी विभागणी केल्यास कोणालाही कोणासाठी मन मारावे लागत नाही. भेटीचे ठिकाण ठरवताना ‘डेआक फेरेन्त्स चौक’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. तेथे मेट्रोच्या तीन मार्गिका एकत्र येतात आणि बाहेर पडण्याची तोंडे अनेक आहेत, म्हणून नेमकी खूण सांगावी.

प्रवासाचे तिकीट हा पहिल्याच दिवशी निर्माण होणारा प्रश्न आहे. पाच जणांपर्यंतच्या गटासाठी चोवीस तासांचे सामूहिक तिकीट मिळते आणि ते स्वस्तही पडते, परंतु ते वापरताना सर्वांनी सतत एकत्रच प्रवास करावा लागतो. नव्या मित्रांच्या गटात कोणीतरी दुपारी वेगळे व्हायचे म्हणतेच. म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी प्रत्येकाने चोवीस किंवा बहात्तर तासांचा स्वतःचा पास घ्यावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सुटे तिकीट घेतल्यास ते मेट्रोत शिरण्यापूर्वी यंत्रात घालून छापून घ्यावे लागते, तर बस व ट्राममध्ये आत चढल्यावर. गप्पांच्या ओघात सरकत्या जिन्यापर्यंत पोहोचलेल्या गटात हमखास एखाद्याचे तिकीट न छापलेले राहते, आणि तपासनीस या बाबतीत परदेशी पाहुणा म्हणून सवलत देत नाहीत. पास असला की ही चिंता उरत नाही आणि डॅन्यूबच्या काठाने धावणाऱ्या दोन क्रमांकाच्या ट्राममध्ये कितीही वेळा चढता-उतरता येते. १८९६ मध्ये सुरू झालेली पहिली मेट्रो मार्गिकाही याच पासावर चालते. आंद्राशी मार्गाखालून जाणारी ती छोटी पिवळी गाडी निव्वळ बघण्यासाठीसुद्धा घ्यावी.

आता पैशांकडे वळू, कारण नव्या मैत्रीला तडा जातो तो बहुधा येथेच. हंगेरी युरोपीय संघात २००४ मध्ये सामील झाली असली तरी तिचे चलन अद्याप फोरिंट आहे. काही दुकानांत युरो घेतले जातात, पण दर आपल्या तोट्याचा असतो. एटीएमवर किंवा कार्डाच्या यंत्रावर ‘तुमच्या चलनात रक्कम घेऊ का’ असे विचारले गेल्यास नेहमी फोरिंटच निवडावे. रोकड काढण्यासाठी पर्यटकांच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या सुट्या यंत्रांपेक्षा बँकेच्या शाखेचे एटीएम बरे. खर्चाच्या बाबतीत शक्य तेथे सरळ टीटीएमएम, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’, ठेवावे. ‘आज मी भरतो, उद्या तू भर’ हा व्यवहार उद्या बेलग्रेडच्या बसमध्ये बसणाऱ्या माणसाबरोबर करण्यात अर्थ नसतो. उपाहारगृहात मागणी देतानाच बिले वेगवेगळी हवीत हे सांगून ठेवावे, कारण बिल छापल्यावर ते तोडून मागणे वाढप्यालाही जड जाते. बिलात दहा ते पंधरा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेले आहे का हे पाहावे, असल्यास वेगळी बक्षिसी देण्याची गरज नाही. रोख पैसे देताना ‘कोसोनोम’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हटले, तर उरलेली रक्कम आपण सोडली असा अर्थ घेतला जाऊ शकतो, म्हणून सुटे परत हवे असल्यास ते हातात पडेपर्यंत आभार मानण्याची घाई करू नये. जेथे सामायिक खर्च टळत नाही, उदाहरणार्थ हॉस्टेलवर रांधण्यासाठी आणलेला किराणा, तेथे हिशेब त्याच रात्री मिटवावा. एक आणि दोन फोरिंटची नाणी २००८ मध्ये चलनातून गेली आहेत आणि रोखीची रक्कम पाचच्या पटीत केली जाते, त्यामुळे आपसांतही तेवढ्यावर घासाघीस करू नये.

जेवणासाठी आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारची वेळ साधावी. अनेक लहान खाणावळींत ‘नापी मेन्यू’ नावाचे दिवसाचे ठरलेले जेवण मिळते आणि ते संध्याकाळच्या जेवणापेक्षा बरेच स्वस्त असते. शाकाहारी सोबत्यासाठी ‘फोझेलेक’ हा दाटसर भाजीचा प्रकार सोयीचा आहे, मात्र वर मांस घालू नका असे सांगावे लागते. फोवाम चौकातील १८९७ चा मोठा बाजार रविवारी बंद असतो.

तिकीट काढून पाहण्याच्या ठिकाणी गटात एक नाजूक गोष्ट घडते. संसद भवनाच्या प्रवेशासाठी युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या नागरिकांना इतरांपेक्षा बरेच कमी पैसे पडतात, त्यामुळे स्पॅनिश मित्राचे तिकीट आणि आपले तिकीट यांत मोठा फरक असतो. हे आधीच बोलून घ्यावे, म्हणजे तिकीट खिडकीपाशी कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही. इंग्रजी फेरीच्या जागा लवकर भरतात, म्हणून तिकिटे ऑनलाइन आधी काढावीत. ज्यांना हा खर्च नको त्यांनी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ही इमारत नदीपलीकडून, बात्यानी चौकातून, अधिक सुंदर दिसते आणि तेथे पैसे लागत नाहीत.

गरम पाण्याच्या स्नानगृहात सगळ्यांनी मिळून जावे असे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण कोमट पाण्यात तासभर बसल्यावर परकेपणा बराच विरघळतो. १९१३ मध्ये उघडलेल्या सेचेनी स्नानगृहात स्त्री-पुरुष एकत्र जाऊ शकतात, आणि थंडीत उघड्यावरच्या कुंडांतून निघणाऱ्या वाफेत बसण्याची मजा निराळी असते. पोहण्याचा पोशाख, टॉवेल आणि चपला सोबत न्याव्यात. पोहण्याच्या मोठ्या तलावात उतरायचे असल्यास टोपी लागते. ओटोमन काळातील घुमटाखाली बसण्याची इच्छा असेल तर रुदाश निवडावे, परंतु त्याच्या तुर्की भागात आठवड्यातील काही वेळा केवळ पुरुषांसाठी किंवा केवळ स्त्रियांसाठी राखीव असतात, म्हणून मिश्र गटाने त्या दिवसाचे वेळापत्रक पाहूनच निघावे.

सर्वच ठिकाणी गटाने जाणे योग्य नसते. संसद भवनाजवळ नदीकाठी लोखंडी जोड्यांचे स्मारक आहे. १९४४-४५ च्या सुमारास हंगेरीतील नाझीसमर्थक अ‍ॅरो क्रॉसच्या लोकांनी ज्यूंना काठावर उभे करून, जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या, त्यांच्या स्मरणार्थ ते २००५ मध्ये उभारले गेले. दोहानी रस्त्यावरील भव्य सिनॅगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आणि आंद्राशी मार्गावरील ६० क्रमांकाच्या इमारतीतील, नाझीसमर्थक व साम्यवादी राजवटींच्या दहशतीचे संग्रहालय हेही याच कोटीतले आहे. गटातील कोणाच्या आजी-आजोबांच्या आयुष्याशी या इतिहासाचा संबंध आहे हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून तेथे विनोद आणि हसरी छायाचित्रे टाळावीत, आणि एखाद्याला एकट्याने जायचे असेल तर त्याला आग्रह करू नये. याउलट बुडाच्या टेकड्यांतील १९४८ पासूनची बालरेल्वे गटासाठी उत्तम आहे. तिच्यावर शाळकरी मुले गणवेश घालून तिकिटे देतात आणि गाडीला निशाणे दाखवतात. इंजिन मात्र मोठी माणसे चालवतात. सेल काल्मान चौकातून ६१ क्रमांकाच्या ट्रामने तिच्या एका टोकाला पोहोचता येते. मध्येच उतरून ५२७ मीटर उंचीच्या यानोश टेकडीवर चढावे, वरच्या मनोऱ्यावरून सारे शहर दिसते.

रात्रीच्या भटकंतीत, पडक्या वाड्यांत थाटलेल्या ‘रोमकोचमा’ म्हणजे भग्न मद्यालयांत, बहुतेक गट जातातच. काझिन्त्सी रस्त्यावरील सिम्प्ला त्यांतले सर्वांत प्रसिद्ध, आणि रविवारी सकाळी तेथे शेतकऱ्यांचा बाजार भरत असल्यामुळे न पिणाऱ्यालाही ते पाहता येते. पिण्याच्या फेऱ्या आळीपाळीने भरण्याची पद्धत या गटात आणू नये, कारण न पिणाऱ्यावर ती अन्याय करते. पालिंका ही फळांची दारू किमान ३७.५ टक्के तीव्रतेची असते, तेव्हा ती पाण्यासारखी संपवू नये. रस्त्यात अनोळखी व्यक्तीने ‘मला माहीत असलेल्या बारमध्ये चला’ असे म्हटल्यास नम्रपणे नकार द्यावा, कारण अशा निमंत्रणानंतर अवाच्या सवा बिल पुढे ठेवण्याचा प्रकार मध्यवर्ती भागात जुना आहे. निघण्यापूर्वी कोण कोणाबरोबर परतणार हे ठरवावे आणि हॉस्टेलचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावा. मेट्रो रात्री थांबते, पण सहा क्रमांकाची ट्राम रात्रभर धावते. टॅक्सी रस्त्यात हात दाखवून न थांबवता ॲपवरून मागवावी. आणीबाणीत ११२ हा क्रमांक फिरवावा.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांची गाडी एका वेळी नसते. सामान हॉस्टेलवर ठेवता येईल का ते आदल्या रात्री विचारावे. विमानतळाला जाणाऱ्याने डेआक चौकातून थेट जाणारी १००ई बस धरावी, पण तिला वेगळे तिकीट लागते आणि नेहमीचे चोवीस-बहात्तर तासांचे पास तिच्यावर चालत नाहीत. पास अजून शिल्लक असेल तर मेट्रोने कोबान्या-किशपेस्टपर्यंत जाऊन तेथून २००ई बस घ्यावी.